मुकादमाचा जाच आणि निर्गमाचं पुस्तक: मुक्तीच्या दृष्टीने बायबल वाचण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत दर आठवड्याला बायबल वाचायला बसणारा एक छोटा गट आहे. त्या गटात, उपासनेनंतर चहा घेताना आणि कधी फोनवरही लोक मला हे प्रश्न विचारतात. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

लिबरेशन थिऑलॉजी म्हणजे नेमकं काय?

मराठीत आपण तिला मुक्तीचं ईश्वरविज्ञान म्हणू. पेरू देशातले धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि हे नाव जगभर गेलं. लिमा शहरातल्या रिमाक या गरीब वस्तीत ते वर्षानुवर्षं राहिले. ज्या माणसाचं मरण अकाली येतं, ज्याला कोणी माणसात धरत नाही, त्याला ‘देवाचं तुझ्यावर प्रेम आहे’ हे कसं सांगायचं, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. सगळं ईश्वरविज्ञान त्यांनी या एका प्रश्नापुढे उभं केलं. आधी गरिबांसोबत राहणं आणि झगडणं, मग त्या जगण्यावर श्रद्धेच्या उजेडात विचार करणं, असा त्यांचा क्रम होता.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते वारले, वयाच्या ९६ व्या वर्षी.

हे सगळं लॅटिन अमेरिकेतच का सुरू झालं?

तिथे जवळजवळ सगळे ख्रिस्ती होते. जमीनदारही ख्रिस्ती, त्याच्या मळ्यात राबणाराही ख्रिस्ती, आणि दोघे एकाच मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, येत. त्यामुळे ‘आपण एकाच वेदीवरची भाकर खातो, मग घरी गेल्यावर एकाच्या ताटात काही का नसतं?’ हा प्रश्न तिथे टाळता येण्यासारखा नव्हता. १९६२ ते १९६५ या काळात कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, मिस्सा लोकांच्या भाषेत आली, सामान्य माणसाच्या हातात बायबल आलं. १९६८ मध्ये कोलंबियातल्या मेदेयीन शहरात लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांची परिषद भरली. दारिद्र्य हे नशीब नसून अन्यायाची घडण आहे, असं तिथे बिशपांनीच लिहून ठेवलं. १९७९ ला मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथल्या परिषदेने ‘गरिबांना अग्रक्रम’ हा शब्दप्रयोग रूढ केला.

पण तेवढ्यावर सगळं श्रेय लॅटिन अमेरिकेला देऊ नये. अमेरिकेत जेम्स कोन यांनी काळ्या लोकांच्या अनुभवातून असंच ईश्वरविज्ञान १९६९ पासून मांडायला सुरुवात केली होती, गुतिएरेझ यांचं पुस्तक येण्याच्या आधी.

मग वाचायचं कसं? काही वेगळी पद्धत आहे का?

आहे, आणि ती अगदी साधी आहे. बेल्जियमचे धर्मगुरू योसेफ कार्दाइन यांनी तरुण कामगारांना तीन पायऱ्या शिकवल्या होत्या: पाहा, पारखा, कृती करा. ब्राझीलमध्ये कार्लोस मेस्टर्स या कार्मेलाइट संन्याशांनी बायबल वाचनाला तीन टेकू दिले. एक, आपलं आजचं जगणं. दोन, एकत्र बसलेला समूह. तीन, समोरचा मजकूर. चुलीला तीन दगड लागतात, तसं हे आहे. नुसता मजकूर धरला तर वाचन पाठांतर होतं. नुसतं जगणं धरलं तर त्याची तक्रारींची बैठक होते.

निकाराग्वाच्या मोठ्या सरोवरात सोलेन्तिनामे नावाचा बेटांचा पुंजका आहे. तिथे एर्नेस्तो कार्देनाल हे कवी-धर्मगुरू १९६६ पासून राहत. रविवारी ते उपदेश देत नसत. शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, उतारा वाचला जाई आणि मग तिथले शेतकरी, कोळी, बायका, तरुण पोरं त्यावर बोलत. ती बोलणी ध्वनिमुद्रित झाली, पुढे छापली गेली. ती वाचताना माझ्या लक्षात आलं की हेरोद राजाच्या भीतीने बाळ येशूला घेऊन पळणारं जोडपं हा त्यांच्यासाठी नाताळचा देखावा नव्हता. शिपाई दारात आले की काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. १९७७ मध्ये निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा याच्या नॅशनल गार्डने ती वसाहत उद्ध्वस्त केली. हेही सांगायला हवं की तिथल्या काही तरुणांनी त्याआधी शस्त्र हाती घेतलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

निर्गमाच्या पुस्तकावर एवढा भर का?

कारण मिसर देशात गुलाम असलेले इस्राएल लोक मोशेच्या मागे तिथून सुटले, ती गोष्ट या पुस्तकात आहे, आणि इस्राएलाची देवाशी खरी ओळख तिथेच होते. तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात देव मोशेला जळत्या झुडपातून सांगतो की माझ्या लोकांची विपत्ती मी पाहिली आहे, मुकादमांच्या जाचामुळे त्यांनी केलेला आकांत मी ऐकला आहे. आपल्या पवित्र शास्त्रात तिथे शब्दच ‘मुकादम’ असा आहे. भाषांतरकारांनी तो निवडला तेव्हा त्यांच्या मनात काय होतं, मला सांगता येणार नाही. पण मराठी वाचकाच्या हाती त्यांनी फार मोठी गोष्ट दिली.

एका हंगामात साखर कारखान्याजवळच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत आम्ही पाचवा अध्याय वाचला. रात्रीचे नऊ वाजले होते. बायका भाकरी थापत होत्या, दोन पोरं कोप्याच्या तोंडाशीच झोपली होती. गोष्ट अशी. विटांसाठी लागणारं गवत यापुढे मिळणार नाही, ते तुमचं तुम्ही गोळा करा, पण विटांची संख्या एकाने कमी होता कामा नये, असं फारो, म्हणजे मिसरचा राजा, फर्मावतो. लोक धसकटं वेचायला देशभर पांगतात. संख्या भरत नाही. मग फारोचे मुकादम इस्राएलातल्याच नायकांना, म्हणजे कामावर नेमलेल्या टोळीप्रमुखांना, झोडपतात. नायक फारोकडे दाद मागतात, तर तो म्हणतो, तुम्ही आळशी आहात.

वाचून झालं. कोणी काही बोलेना. मग तव्यावरची भाकरी उलटत एक बाई म्हणाली, ‘‘धसकटं वेचायला बायकाच गेल्या असणार.’’ थोड्या वेळाने तिचा नवरा म्हणाला, ‘‘मार खाणारा नायक त्यांच्यातलाच होता की. आमचा मुकादम पण आमच्याच गावचा आहे. त्याच्या डोक्यावरही कारखान्याची उचल आहे.’’

मी हा अध्याय कितीतरी वेळा वाचला होता, त्यावर बोललोही होतो. दोघांच्या मध्ये सापडलेला नायक मला एकदाही दिसला नव्हता. जुलमाची उतरंड कशी रचलेली असते, खालच्याला खालच्याकडूनच कसं दाबून घेतलं जातं, हे चौदाव्या वचनात इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्याची अंगावर घेतलेली उचल अजून फिटायची आहे त्याला ते पहिल्या वाचनात दिसलं. म्हणून मी म्हणतो, या वाचनात मजकुराला कोणी नवा अर्थ चिकटवत नाही. मजकूर तोच राहतो, वाचायला कोण बसलंय ते बदलतं.

येशू तर ‘आत्म्याने दीन’ असलेल्यांना धन्य म्हणाला. त्याचा पैशाच्या गरिबीशी काय संबंध?

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ‘आत्म्याने दीन’ आहे. लूकच्या सहाव्या अध्यायात नुसतं ‘दीन’ आहे, आणि लगेच पुढे ‘तुम्ही धनवान’ म्हणून हाय हाय आहे. दोन्ही शुभवर्तमानं आपलीच आहेत, पण आपण भिंतीवर लावतो ते मत्तयाचं. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘प्तोखोस’ हा शब्द आहे. कष्ट करून कसंबसं भागवणाऱ्यासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, ‘पेनेस’. प्तोखोस म्हणजे ज्याच्यापाशी काहीच उरलेलं नाही, जो हात पसरतो, तो. म्हणजे मत्तयातही चित्र भिकाऱ्याचंच आहे.

नाझरेथच्या सभास्थानात येशू यशयाचं पुस्तक उलगडतो तेव्हाही सुरुवात दीनांना सुवार्ता सांगण्यापासून होते, आणि ठेचल्या जाणाऱ्यांच्या सुटकेपर्यंत जाते. लोक आधी खूश होतात. मग तो सारफथची विधवा आणि सूरियाचा नामान, अशा परक्यांची नावं घेतो, आणि तेच लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघतात. हा दुसरा भाग आपण वाचायचा टाळतो. मुक्तीची वाट पाहणाऱ्यांनाही, ती आपल्याचपुरती नाही, हे ऐकणं जड जातं.

म्हणजे देव पक्षपाती आहे?

चार लेकरांच्या आईला विचारा. एक लेकरू तापाने फणफणलं असेल तर ती रात्रभर त्याच्या उशाशी बसते. बाकीची तिला नको झाली असं कोणी म्हणत नाही. गुतिएरेझ यांचंही म्हणणं एवढंच होतं: गरीब फार चांगले असतात म्हणून देव त्यांच्या बाजूचा नाही, देव चांगला आहे म्हणून तो त्यांच्या बाजूचा आहे. गरिबांत लबाड, मारकुटे, दारूबाज असतात. वस्तीत काम केलेल्या कोणालाही हे माहीत आहे. त्याने काही बदलत नाही.

हा मार्क्सवादच झाला ना, वर बायबलची वचनं लावलेला?

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो. काही लेखकांनी समाजाचं विश्लेषण करायला मार्क्सची अवजारं वापरली, हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण आमोस संदेष्टा मार्क्सच्या सव्वीसशे वर्षं आधीचा आहे. माप लहान करून, तराजू फसवा ठेवून धान्य विकणाऱ्यांना आणि गरजवंताला एका जोड्याच्या किमतीत विकत घेणाऱ्यांना तो जे बोलतो, ते आज कुठल्याही बाजार समितीच्या दारात उभं राहून वाचावं. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात, ज्यांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे, असं लिहिलंय. यिर्मयाने बाविसाव्या अध्यायात तर देवाला ओळखणं म्हणजे काय याची व्याख्याच केली आहे: दीनदुबळ्यांना न्याय देणं. हे सगळं वाचायला मार्क्स लागत नाही.

चर्चने यावर बंदी घातली होती असं ऐकलं.

बंदी नाही. व्हॅटिकनने १९८४ मध्ये एक सूचनापत्र काढलं, त्यात मार्क्सवादी विश्लेषण डोळे मिटून उचलण्याबद्दल कडक इशारा होता. याच विचाराचे ब्राझीलचे धर्मगुरू लेओनार्दो बोफ यांना १९८५ मध्ये काही काळ मौन पाळायला लावलं. १९८६ मध्ये दुसरं पत्र आलं, ते पुष्कळ सौम्य होतं, आणि त्याच वर्षी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ब्राझीलच्या बिशपांना लिहिलं की असं ईश्वरविज्ञान उपयुक्त आणि आवश्यकही आहे. गुतिएरेझ यांच्या लिखाणाची चौकशी झाली, निषेध झाला नाही. कार्देनाल निकाराग्वा सरकारात मंत्री होते. त्यांच्यावर १९८४ मध्ये लादलेली धर्मगुरुपदाची बंदी २०१९ मध्ये उठली. तोवर ते चौऱ्याण्णव वर्षांचे झाले होते.

हिंसेचं समर्थन होतं का यात?

काही जण त्या वाटेने गेले. कोलंबियाचे धर्मगुरू कामिलो तोर्रेस गनिमी युद्ध करणाऱ्या बंडखोरांमध्ये सामील झाले आणि १९६६ मध्ये चकमकीत मारले गेले. सोलेन्तिनामेची पोरं मी वर सांगितलीच. त्यांचा राग मला समजतो, पण येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी त्या वाटेचा मेळ मला लावता आलेला नाही.

मला जास्त जवळचे वाटतात ते एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो. ते मुळात जुन्या वळणाचे, पुस्तकात रमणारे, कोणाला न दुखावणारे गृहस्थ होते. १९७७ मध्ये त्यांचे मित्र फादर रुतिलियो ग्रान्दे यांना शेतमजुरांत काम करतात म्हणून रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या, सोबत एक म्हातारा आणि एक मुलगाही गेला. त्यानंतर रोमेरो बदलले. दर रविवारी ते मारल्या गेलेल्यांची, पळवून नेलेल्यांची नावं प्रवचनात वाचून दाखवू लागले. २३ मार्च १९८० ला त्यांनी सैनिकांना थेट सांगितलं की आपल्याच भावांना मारण्याचा हुकूम पाळायला तुम्ही बांधलेले नाही, देवाच्या नावाने हा जुलूम थांबवा. दुसऱ्या दिवशी एका रुग्णालयाच्या छोट्या चॅपेलात मिस्सा करताना त्यांना गोळी घातली. २०१८ मध्ये चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केलं.

निर्गमानंतर कनान देशातल्या लोकांचं काय झालं, ते कोणी का बोलत नाही?

बोलायलाच हवं. अमेरिकेतल्या ओसेज या मूळनिवासी समाजाचे रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९ मध्ये हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, ही गोष्ट वाचताना मी इस्राएलाच्या जागी बसू शकत नाही, मी कनानी आहे. गुलामांना सोडवणारा देव पुढच्याच पुस्तकांत दुसऱ्यांची गावं रिकामी करायला सांगतो, आणि अमेरिकेत उतरलेल्या गोऱ्यांनी नेमकी तीच पानं उघडली होती.

माझ्याकडे याचं समाधानकारक उत्तर नाही. धरणात, खाणीत, अभयारण्यात गाव गेलेला आदिवासी माणूस कनान जिंकल्याची गोष्ट सांगणारं यहोशवाचं पुस्तक वाचतो तेव्हा त्याला घाईघाईने समजूत घालू नये, एवढं मला कळतं.

बायकांच्या बाजूने कोणी वाचलं का?

खूप जणींनी, आणि त्यांनी पुरुषांचे डोळेही उघडले. सुरुवातीच्या लेखनात ‘गरीब’ म्हटलं की पुरुषच दिसायचा. डेलोरस विल्यम्स या कृष्णवर्णीय लेखिकेने १९९३ मध्ये हागार पुढे आणली. ती अब्राहामाची बायको सारा हिची दासी. मालकांना मूल हवं म्हणून तिचं शरीर वापरलं गेलं आणि नंतर पोरासकट तिला रानात काढलं. देव तिला मुक्त करत नाही, आधी तर परत जा म्हणतो. पण तो तिला जगवतो, पाणी दाखवतो. आणि बायबलमध्ये देवाला स्वतः नाव देणारी पहिली व्यक्ती ही हाकललेली दासी आहे: मला पाहणारा देव. विल्यम्स सांगतात की काही वेळा सुटका मिळत नाही, तगून राहण्याचं बळ मिळतं, तेही देवाचंच काम. घरकाम करणाऱ्या बायकांच्या गटात हा उतारा वाचून पाहा.

मरियेचं गीत तर आपण नाताळात गातो. अधिपतींना सिंहासनावरून खाली ओढलं, धनवानांना रिकाम्या हाती लावलं, असं त्यात ती गावाकडची कोवळी पोर म्हणते. चाल गोड असली की शब्दांकडे लक्ष जात नाही.

भारतात, महाराष्ट्रात याचं काही झालं का?

झालं, आणि आपल्या पद्धतीने झालं. लॅटिन अमेरिकेच्या चौकटीत वर्ग होता, जात नव्हती. एप्रिल १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी आधी ‘शूद्र’ आणि मग ‘दलित’ ईश्वरविज्ञानाची मांडणी सुरू केली. त्यांचं म्हणणं असं की भारतातले बहुसंख्य ख्रिस्ती दलित आहेत, पण इथलं ईश्वरविज्ञान मात्र ब्राह्मणी वेदान्ताशी बोलत बसलं. त्यांनी हाती घेतला बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातला कबुलीजबाब, ‘माझा बाप भटकणारा अरामी होता’. आपण कोण, आपले वाडवडील गावकुसाबाहेर कसे राहिले, हे आधी सांगा, मग विश्वास सांगा. आणि यशयाचा दुःख सोसणारा सेवक त्यांना झाडू मारणाऱ्या, मैला उचलणाऱ्या माणसात दिसला. देव स्वतः सेवक आहे, असं ते म्हणत.

पुण्यात जेझुइट धर्मगुरू जॉर्ज सोआरिस-प्रभू यांनी शुभवर्तमानांच्या अभ्यासात हाच धागा धरला. अभ्यासकाचं काटेकोरपण त्यांनी कुठेच सोडलं नाही.

आणि मंडळीच्या आतलं काय, हा प्रश्नही आहे. कबरस्तानात वेगळी रांग, सोयरिकीत जात, हे आपल्यात अजून आहे. बाहेर, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो १९५६ ला मिळाला, बौद्धांना १९९० ला. म्हणजे ख्रिस्ती दलिताला ही झळ आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून बसते.

पंडिता रमाबाईंना यात धरायचं का?

त्या या विचारधारेच्या फार आधीच्या, त्यामुळे लेबल लावू नये. पण दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी केडगावला उभ्या केलेल्या घराला त्यांनी नाव दिलं ‘मुक्ती’. आणि हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबलचं भाषांतर केलं, ते अशा साध्या मराठीत की त्याच बायकांना कळावं. छपाईचं कामही तिथल्या बायकांनी केलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आला. हे बायबल कोणासाठी, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

मग पाप, तारण, प्रार्थना याचं काय? सगळं राजकारणच होऊन जातं.

तारण हा शब्द एकदा नीट ऐका. आपण देवळात म्हणतो ‘तारण झालं’, आणि सोसायटीत म्हणतो ‘सातबारा तारण ठेवला’. योगायोग असेल, पण बायबलच्या हिब्रूतला ‘गोएल’, सोडवणारा, हा खरोखरच जमिनीच्या व्यवहारातला माणूस आहे. भावकीतल्या कोणाची जमीन कर्जात गेली किंवा तो स्वतःच विकला गेला, तर पैसे भरून सोडवून आणणारा जवळचा नातलग. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात हे सगळं आहे. देवाला ‘उद्धारकर्ता’ म्हणताना यशया हाच शब्द वापरतो.

गुतिएरेझ यांनीही मुक्तीचे तीन थर सांगितले होते: अन्यायी व्यवस्थेपासून, मनातल्या गुलामीपासून आणि पापापासून. तिसरा थर त्यांनी कधीच गाळला नाही. उलट पाप हेच मूळ मानलं. ज्या गटात प्रार्थना नसते तो गट दोन वर्षांत कंटाळून फुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी गरीब नाही. मला या वाचनात जागा आहे का?

आहे, पण बहुतेक वेळा मोशेची नाही. कधी फारोच्या दरबारातल्याची असेल, कधी त्या नायकाची. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय बघा. तो जकातदार, श्रीमंत. येशू घरी आल्यावर तो ‘मला शांती मिळाली’ असं म्हणत नाही. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत, असा हिशोब मांडतो. मग येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं.

गट सुरू करायचा तर कोणतं बायबल घ्यावं, काय वाचावं?

जे घरात आहे ते घ्या. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र बहुतेकांच्या ओळखीचं असतं. मराठी सोपी हवी असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ चांगलं आहे, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. शक्य असेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. जिथे ती वेगळी बोलतात तिथेच चर्चा सुरू होते.

आठ-दहा माणसं पुरे. वाचता न येणाऱ्यांना मुद्दाम बोलवा आणि उतारा दोनदा मोठ्याने वाचा. पाळकांनी किंवा सगळ्यात शिकलेल्या माणसाने शेवटी बोलावं. सुरुवातीला मत्तयाचा विसावा अध्याय घ्या, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. संध्याकाळचे पाच वाजले तरी काही माणसं बाजारात उभीच आहेत. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. मजूर नाक्यावर उभं राहिलेलं कोणी तुमच्या गटात असेल, तर तिथे थांबा आणि त्याला विचारा की संध्याकाळी पाचपर्यंत नाक्यावर कोण उरतं.

आमच्या गटात याचं उत्तर एका साठीच्या गवंड्याने दिलं. तो म्हणाला, ‘‘म्हातारे. आणि ज्याचा एक हात गेलाय तो.’’ त्या रात्री आम्ही पुढची वचनं वाचली नाहीत. ती पुढच्या आठवड्यावर ठेवली.